द्यायचा राहिलेला डावा

आत्या खाली येत नाही म्हटल्यावर सगळं घरच जिना चढून वर आलं. पुढे धाकटा, काखेत फाईल घेऊन. वकील माणूस, रविवारीसुद्धा फाईल नसली तर त्याला अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं. त्याच्यामागे त्याची बायको, चहाची किटली सांभाळत. मग आई, कठडा धरून, दर पायरीला कुणाच्या तरी नावाने बोटं मोडत. आणि सगळ्यांच्या शेवटी थोरली, खाकी पट्टीत गुंडाळलेली ती वस्तू छातीशी धरून.

दुकान खाली आणि आत्या वर, ही व्यवस्था थोरलीच्या जन्माच्या आधीपासूनची. खाली अण्णा बुटांचे तळ चढवायचे, वर आत्या मशीनवर चामड्याचे वरचे भाग शिवायची. भावाने अर्धा आणि बहिणीने अर्धा असा एक बूट पुरा व्हायचा. अण्णांचा हात थरथरायला लागला तसं खालचं काम थोरलीकडे आलं. वरचं मात्र आत्याकडेच राहिलं. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, बारा महिने घोट्याच्या वर येणारे बूट नाडी आवळून घातले आणि चालली ती अशी ताठ, की गल्लीतले लोक म्हणायचे, हिचं नाक आणि हिची चाल एकाच कारागिराने केलीय.

अण्णा गेल्यापासून मात्र ती ताठ चाल कुणी पाहिली नव्हती. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती ती बसलीच. गुडघ्यांवर शाल, बाजूला झाकलेली मशीन. थोरली ताट वर आणायची आणि अर्धं उष्टं खाली न्यायची. शेजारचे म्हणाले, भावाच्या दुःखाने हाय खाल्ली. आईचं म्हणणं निराळं होतं.

"यांना घरातून नेलं," वर पोचून दम खात ती खोलीला उद्देशून म्हणाली, "तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली होती. फक्त सख्ख्या बहिणीला जिना उतरवला नाही."

"बसा वहिनी," आत्या म्हणाली. "पाय दुखत असतील."

झालं, आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खुर्ची एकच रिकामी होती आणि पाय खरोखरच दुखत होते, म्हणून ती बसली.

धाकट्याने घसा साफ केला. त्याच्या नमनालाच घडाभर तेल लागतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याच्या बायकोने तेवढ्यात चहा ओतून घेतला. "आत्या," तो म्हणाला, "अण्णांच्या सामानात एक वस्तू सापडलीय. लढाईच्या काळातली. त्या काळात अण्णांना पाहिलेलं तुझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. तेव्हा तू जे सांगशील त्याला..."

"मी उरले हा माझा गुन्हा झाला का रे?"

"तसं नाही गं. साक्ष म्हणून."

"तुझ्या कोर्टात मी यायची नाही. चहा दे."

थोरलीने मधल्या तिवईवर पट्टी उलगडली. ती जुन्या शिपाई गणवेशातली होती, पोटरीला गुंडाळतात तसली, किडीने जागोजाग खाल्लेली. आत लाकडाचा एक लहानसा डावा पाय होता. गडद, जड, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. टाच गोल, पंजा पसरट, घोट्याच्या जागी सपाट कापलेला आणि त्या सपाटीत एक भोक.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. थोरलीने ते टिपलं, पण त्याचा अर्थ काही तिला लागला नाही. गेले कित्येक दिवस तिला कशाचाच अर्थ लागत नव्हता.

"कलबूत," धाकटा म्हणाला. "हे तर आपल्याला कळलंच आहे."

कलबुतांच्या घरात वाढलेल्या माणसाला ते कळणारच. ज्या लाकडी पायावर चामडं ताणून बूट बांधतात ते कलबूत. खाली दुकानात तीन भिंतींवर ती टांगलेली होती, जोड्याजोड्याने, एकेका गिऱ्हाइकाची. लोक बाहेर हस्तांदोलन करून माणूस ओळखतात, या घरात कलबुतावरून ओळखायचे. कुणाचा अंगठा आत वळलाय, कुणाचा तळवा सपाट आहे, कोण जाड झालाय. लाकडाचा पाय दिसला की तो कलबूतच, यात शंका घ्यायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही.

"लहान मुलाचं आहे," धाकट्याची बायको म्हणाली. ती बालवर्गाची शिक्षिका. दिवसभर नाड्या बांधण्यात तिचा जन्म चालला होता, त्यामुळे तिच्या शब्दाला इथे वजन होतं. "सहा-सात वर्षांचं मूल असेल ताई. माझ्याकडून पहिलीत जातात ना, तेवढ्यांचा पाय."

"आणि यावर बूट कधी झालाच नाही," धाकट्याने ते उलटं केलं. "बघा, तळाला खिळ्याचं एकही भोक नाही. बूट बांधला असता तर चाळणी झाली असती. इथे टाचेजवळ काही आकडे कोरलेत, अर्धे पुसलेले. लढाईत पोरकी झालेली मुलं छावणीत ठेवायचे, त्यांना नंबर द्यायचे. म्हणजे अण्णांचा त्या छावणीशी काहीतरी संबंध होता. अण्णा आपल्याला एवढंच सांगायचे, की मी फौजेत बूट शिवत होतो. आता दुकानाचा नियम आठवा."

नियम सगळ्यांना पाठ होता. गिऱ्हाईक वारलं की त्याचं कलबूत भिंतीवरून काढायचं, पुसायचं आणि त्याच्या घरी नेऊन द्यायचं. मेलेल्या माणसाचा पाय आपल्याकडे ठेवायचा नाही. हा नियम अण्णांनी घातला होता आणि कधी मोडला नव्हता. एकदा तर एक कलबूत द्यायला ते रेल्वेने दिवसभर प्रवास करून गेले होते.

"अण्णांनी हे जन्मभर ठेवलं," धाकटा म्हणाला, "म्हणजे ज्याचं आहे ते मूल मेलेलं नाही. कुठेतरी आहे. आता साठी-सत्तरीचं असेल. आणि अण्णांनी ते भिंतीवर न टांगता गणवेशाच्या पट्टीत गुंडाळून पेटीच्या तळाशी का ठेवलं असेल, हे मी बोलायला नको."

"बोल की," आई म्हणाली. "अर्धं बोलून सोडलंस ते काय माझ्या काळजीपोटी?"

"आई, मी फक्त शक्यता..."

"माझ्या आधी यांना एखादी होती आणि तिचं मूल होतं. हेच ना? मग हो म्हण. एवढी वर्षं ज्या माणसाची अंथरुणं घातली त्याच्याबद्दल मला आता माझ्या पोटचा पोर शक्यता सांगतोय."

धाकट्याच्या बायकोने तिच्या हातात चहाचा कप दिला. आईने तो तसाच बशीत धरून ठेवला. ती चिडलीय की घाबरलीय, हे थोरलीला ओळखता आलं नाही. सकाळपर्यंत आई या सगळ्या प्रकाराला थोतांड म्हणत होती. धाकटा तेव्हा थोरलीच्या बाजूने होता, अण्णांचा शब्द पाळलाच पाहिजे म्हणत होता. आता आई दुखावली, धाकट्याचं वकिली डोकं भलत्याच दिशेला सुटलं आणि थोरली होती तिथेच राहिली.

कारण तिला यातलं काही नको होतं. सावत्र भाऊ निघो की सावत्र बहीण निघो, तिला एकच हवं होतं. अण्णा जायच्या आदल्या दुपारी ती उशाशी बसलेली असताना त्यांनी डोळे उघडले होते आणि अगदी स्वच्छ म्हटलं होतं, "डावा द्यायचा राहिला गं. आता तो तूच दे." कुणाला द्यायचा, ते तिने विचारलं. त्यांनी ओठ हलवले, पण त्यानंतर काही शब्द फुटला नाही. मग पेटी उघडली तेव्हा तळाशी हा डावा पाय मिळाला. तेव्हापासून तिला खाली बाकावर बसवत नव्हतं. गिऱ्हाइकाचा जोड कधी एक दिवस उशिरा दिला नाही अशी तिची ख्याती. आणि बापाने जन्मात एकच काम नाव घेऊन सोपवलं, तर ते कुणाचं हेच कळू नये. तिला रडूही येत नव्हतं. एखादा हिशोब चुकल्यासारखं नुसतं डोकं भणभणत होतं.

"आत्या," ती म्हणाली, "हा पाय कुणाचा आहे, एवढंच सांग. बाकी कुणी काही विचारणार नाही."

"मला कसं ठाऊक असणार?" आत्या म्हणाली.

"तू होतीस तिथे."

"मी लहान होते. बॉम्ब पडत होते. लहान मुलं बॉम्ब पडताना कलबुतं मोजत बसत नाहीत."

"अण्णा फौजेत होते तेव्हा त्यांच्याबरोबर कुणी बाई होती का?" धाकट्याने विचारलं.

"होत्या की. पुष्कळ होत्या. धुणारणी होत्या, नर्सा होत्या. एक दात काढणारी होती, तिला मिशा होत्या."

"आत्या, मी गांभीर्याने विचारतोय."

"मीही गांभीर्यानेच सांगतेय. खरंच मिशा होत्या."

धाकट्याच्या बायकोला हसू आलं आणि तिने ते चहात बुडवलं. आईला मात्र हसू आलं नाही. "ताकास तूर लागू द्यायची नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "दोघा भावंडांचं पहिल्यापासून हेच. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की हे वर यायचे आणि दार लावून घ्यायचे. जेवण निवत पडायचं. मी विचारलं तर म्हणायचे, जरा मशीनला तेल घालत होतो. एवढं तेल घातलं असतं तर ही मशीन पोहायला लागली असती. तुम्ही दोघं काहीतरी लपवताय हे मला लग्न झालं त्या आठवड्यात कळलं होतं वन्सं. काय ते एवढं कळलं नाही."

आत्या गप्प राहिली. ही गोष्ट नवलाची होती, कारण आईच्या बोलण्याला तिने उत्तर दिलं नाही असं आजवर घडलं नव्हतं. थोरलीने मान वर करून पाहिलं. आत्या शालीची दशी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मग धाकटा आणि आई यांचं जुंपलं. तो म्हणत होता वर्तमानपत्रात जाहिरात देऊ, ती म्हणत होती आधी माझं थडगं बांध. तो म्हणाला, त्या माणसालाही काही हक्क आहेत. ती म्हणाली, माझ्या अब्रूचे तेवढे नाहीत. धाकट्याची बायको आधी नवऱ्याकडून बोलली, मग नवरा तिच्यावर खेकसला म्हणून सासूकडून बोलायला लागली. थोरलीने तो पाय उचलून मांडीवर घेतला आणि एप्रनच्या खिशातली चामड्याला भोकं पाडायची आरी काढली. डोकं चालेनासं झालं की हाताला काम द्यायचं, ही तिची लहानपणापासूनची सवय होती. दुकान बंद असलं तरी एप्रन तिच्या अंगावरून उतरत नसे.

वरचं भोक काही नवं नव्हतं. कलबुताला भोक असतंच. बाकावर लोखंडी खुंटी असते, तिच्यावर ते उलटं बसवायचं आणि तळ ठोकायचा. तिने सहज आरी आत घातली. बोटभर जाऊन ती थांबायला हवी होती, पण ती जातच राहिली. शेवटी कशात तरी रुतली. तिने पाय उलटा केला. तळव्याच्या मागच्या भागात, जिथे लाकूड जरा काळपट दिसत होतं, तिथे नखाने टोकरलं. ते लाकूड नव्हतं, ते मेण होतं. दोऱ्याला लावतात ते काळं मेण, वर्षानुवर्षं कडक होऊन लाकडाच्या रंगाचं झालेलं. तिने आरीने ते उकरलं. गोळा सुटून एप्रनमध्ये पडला आणि भोकातून पलीकडचा खिडकीचा उजेड दिसला.

आरपार भोक होतं आणि तळाशी त्याच्या तोंडाला सहा कोनांचा खळगा कोरलेला, नट बसेल असा.

कलबुताला बोल्ट कुणी लावत नाही. लावायचा कशाला, त्याच्यावरून तर बूट उतरवायचा असतो. थोरलीने पाय उजेडाकडे धरला आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं, टाच वाचली. मागची बाहेरची कड घासली गेली होती. लाकूड तिरकं झिजलं होतं आणि त्या झिजेत बारीक ओरखडे होते, फरशीचे, खडीचे. भिंतीवर टांगलेलं कलबूत शंभर वर्षं टांगलं तरी असं झिजत नाही.

"हे कलबूत नाही," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. धाकटा जाहिरातीचा मजकूर सांगत होता.

"अरे, गप्प बसा जरा. हे कलबूत नाही. हा पायच आहे."

"पायाचंच तर असतं ना कलबूत," धाकटा म्हणाला.

"पायाचं नाही. पाय. हा लावून कुणीतरी चाललंय. हे बघ, इथून बोल्ट जायचा, वर पोटरीला काहीतरी असणार, चामड्याची नळी वगैरे, तिला हा जोडायचा. आणि बुटाशिवाय चाललंय, अनवाणी. टाच बघ कशी घासलीय ती."

धाकट्याने पाय हातात घेतला, भोकातून डोळा लावून पाहिलं, मग बायकोला दिला. तिने तो घेतला तसा पटकन तिवईवर ठेवला, चटका बसल्यासारखा. आपण सगळे गेले कित्येक दिवस याला उलटंसुलटं करतोय, याच्यावर वाद घालतोय, हे एकदम सगळ्यांच्या ध्यानात आलं. घरातली माणसं बूट शिकलेली किंवा बुटांत वाढलेली, आणि एकालाही दिसू नये.

"म्हणजे ते मूल," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज पार खाली आला होता. "त्या मुलाला पाय नव्हता."

"पण मग अण्णांकडे कसा राहिला?" त्याची बायको म्हणाली. "वापरलेला पाय परत का दिला त्याने? त्याशिवाय ते चालणार कसं?"

थोरलीच्या डोक्यात पुन्हा सगळं विस्कटलं. वापरलेला पाय म्हणजे दिलेला पाय. दिलेला होता, तर मग द्यायचा राहिला कसा? आणि हा द्यायचा नव्हता तर कुठला द्यायचा होता? एक गाठ सुटावी आणि दोन बसाव्यात, असं चाललं होतं.

आईने हात पुढे करून तो पाय जवळ ओढला. तिचा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. तिने अंगठ्याने ती झिजलेली टाच चोळली, पोराच्या टाचेवरचा मळ काढावा तशी. "एवढासा पाय," ती म्हणाली. "कुणाचं का असेना. बिचारं लेकरू."

"बिचारं म्हणू नका," आत्या म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांच्या माना वळल्या.

"मला सगळं चालतं वहिनी. शिष्ट म्हणा, कजाग म्हणा, इतकी वर्षं म्हणतच आलात. पण ते बिचारं म्हणू नका. त्यासाठीच हे सगळं केलं."

तिने गुडघ्यांवरची शाल बाजूला केली आणि खाली वाकून डाव्या बुटाची नाडी सोडायला लागली. बोटं अडखळत होती. थोरली उठणार तेवढ्यात आत्याने नुसती मान हलवून तिला बसवलं. बूट उतरला. मोजा उतरला. आत लाकूड होतं. घोट्यापाशी बोल्टच्या दोन्ही बाजूंनी ते उभं चिरलं होतं आणि त्या चिरेवर दोरा घट्ट गुंडाळला होता, शिवणाचा, मेण लावलेला. तेवढ्याने ते धरलं नव्हतं. पंजा एका बाजूला कलंडला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात, पण कळसा निदान स्वतः गप्प बसतो, हा तर इतकी वर्षं खुर्चीत बसून टोमणे मारत होता.

"शाळेची भिंत पडली," आत्या म्हणाली. "माझ्या पायावर. तुमचा अण्णा तेव्हा फौजेत, पण लढायला नाही. जखमींसाठी हातपाय करायचा कारखाना होता, तिथे. बूट शिवणारा म्हणून त्याला उचलला आणि पाय कोरायला बसवला. मोठ्या माणसांचे पाय. लहान मुलाचा तिथे कुणी करत नव्हतं, लाकूडच पुरत नव्हतं. त्याने मोडक्या बंदुकीचा लाकडी दस्ता घेतला आणि हा कोरला. ते तुझे आकडे आहेत ना रे वकीलसाहेब, ते बंदुकीचे आहेत."

धाकट्याने फाईल खुर्चीखाली सरकवली.

"हा मला आखूड झाला की दुसरा केला, मग तिसरा. पहिला त्याने ठेवून घेतला. मला फेकायचा होता. लढाई संपल्यावर आम्ही इथे आलो, इथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मी त्याला म्हटलं, दादा, इथे कुणाला सांगू नकोस. मागच्या गावात सगळे मला बिचारी म्हणायचे. नाव असं नव्हतंच मला, बिचारी हेच नाव. इथे मला दोन पायांची म्हणून जाऊ दे. तो म्हणाला, मग ताठ चालावं लागेल, लंगडून चालणार नाही. म्हटलं, चालेन. संध्याकाळी दार लावून तो पट्टे सैल करायचा, जखम झाली असेल तर पुसायचा. तेवढंच मशीनचं तेल, वहिनी."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्ही दोघं बसून माझ्याबद्दल बोलता."

"तेही बोलायचो. रोज काय पायाबद्दल बोलणार?"

"आणि यांना नेलं तेव्हा..."

"जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले आणि हा चिरला. बसून बसून खाली यावं लागलं असतं. सगळी गल्ली होती खाली." आत्याने काढलेला मोजा मांडीवर सरळ केला. "यायला हवं होतं, बसून बसून का होईना. रोज वाटतं, यायला हवं होतं."

आई उठली, आत्याच्या खुर्चीशी गेली आणि तिथे काय करावं हे न कळून उभी राहिली. या दोघींनी उभ्या जन्मात एकमेकींना जवळ घेतलं नव्हतं. शेवटी आईने खाली पडलेली शाल उचलली, झटकली आणि तिच्या खांद्यांवर टाकली.

"त्याने नवा करायला घेतला होता," आत्या थोरलीकडे न बघता म्हणाली. "कपाटाखाली ठोकळा आहे. हात थरथरायला लागला, मग रोज नुसता हातात घेऊन बसायचा. डावा द्यायचा राहिला, डावा द्यायचा राहिला, माझ्यापुढेही तेच घोकायचा. तुला सांगेल असं मात्र वाटलं नव्हतं."

थोरलीने कपाटाखाली हात घातला. ठोकळा पायाच्या आकाराच्या उंबरठ्यावर येऊन थांबला होता. टाच निघाली होती, पंजा अजून लाकडातच होता. टाचेवर रापीच्या पात्याचे घाव वेडेवाकडे पडले होते, अण्णांच्या हातचे वाटू नयेत असे. तिला आता रडू आलं. ते आवरायला ती ठोकळा कुशीत घेऊन पाठमोरी बसली आणि आवरलं नाही ते नाहीच.

"तुला जमायचं नाही," आत्या मागून म्हणाली. "तू बूट करतेस. हे वेगळं आहे. मी इथे बसून शिवेन, मला कुठे जायचंय?"

"जमेल का नाही ते मी सांगेन." थोरलीने बाहीने नाक पुसलं. "तुम्ही सगळे खाली जा बघू. आई, तू थांब हवं तर."

"आई थांबली तर चालेल का?" आईने विचारलं. प्रश्न आत्याला होता.

"थांबा," आत्या म्हणाली. "आता काय राहिलंय झाकायचं?"

धाकटा आणि त्याची बायको गेली. जाताना त्याने दार हलकेच ओढून घेतलं. थोरली जमिनीवर बसली, खिशातून कागदाची पट्टी काढली. आत्या डाव्या पायाचे पट्टे सोडायला लागली. हनुवटी वर, डोळे भिंतीवर, जणू कुणी मारणार आहे.

"तो नंतर," थोरली म्हणाली. "आधी उजवा दे. डावा उजव्यावरूनच काढायचा ना?"

आत्याने उजवा पाय पुढे केला. थोरलीने बूट उतरवला, मोजा काढला आणि तो पाय मांडीवर घेतला. पन्नाशी ओलांडलेल्या थोरलीने आत्याचा पाय पहिल्यांदाच हातात धरला होता. तिने पट्टी तळव्याखालून फिरवली, घोट्याभोवती घेतली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत लावली, दरवेळी कडेला नखाने खूण केली. मग डावा लाकडी पाय शेजारी ठेवून त्यालाही तशीच पट्टी लावली. पुन्हा उजव्याला लावली. कपाळावर आठी पडली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"जुळत नाही. उजवा पसरलाय, वयाने. बोटं रुंद झालीत, कमान खाली आलीय, लांबीलाही वाढलाय. हा डावा चांगला सडपातळ आहे, चाळिशीतला असावा तसा. अण्णा दरवेळी जुन्या मापावरच करत राहिले. बुटात उजवीकडे जागा करून द्यायचे आणि डावीकडे चामडं भरायचे." तिने मान वर केली. "आत्या, तुझा उजवा पाय म्हातारा झालाय आणि डावा तरुणच राहिलाय."

आत्या दोन्ही पायांकडे बघत राहिली. "दादा म्हणायचा, तुझे पाय होते तसेच आहेत," ती म्हणाली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला, हसू आणि रडू एकदमच आलं आणि तिने ते दोन्ही येऊ दिलं. आईने तिचा हात धरला.

"मग आता?" आत्याने विचारलं.

"आता डाव्यालाही म्हातारं करावं लागेल."

आत्याने डोळे पुसले, नाक पुसलं आणि पुन्हा आत्या झाली.

"कर," ती म्हणाली. "पण थोडंच. एवढ्यात फार नको."